शाप हामला नव्हताच

बायबलमधल्या नोहाचा एक मुलगा हाम. 'हामला शाप मिळाला, म्हणून त्याचे काळे वंशज गुलाम' हे चर्चमधून पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाचा ९वा अध्याय उघडा. २५व्या वचनात नोहा म्हणतो, 'कनान शापित होवो.' म्हणजे शाप हामच्या एका मुलाला. कातडीच्या रंगाबद्दल तिथे अक्षरही नाही. आफ्रिकेशी ज्याचं नाव जोडतात तो कूश हामचा वेगळाच मुलगा. त्याला शाप नाहीच.

गुलामगिरी मानणाऱ्या चर्चचंच एक उदाहरण: अमेरिकेतले सदर्न बाप्टिस्ट (एक प्रोटेस्टंट पंथ) १८४५ साली इतर बाप्टिस्टांपासून वेगळे झाले, ते गुलाममालकाला मिशनरी होऊ द्यायचं का या वादातून. गुलामगिरीला दिलेल्या पाठिंब्याची माफी मागितली १९९५ मध्ये. दीडशे वर्षं! २०१८ मध्ये त्यांच्या लुईव्हिलच्या सेमिनरीने (पाळक घडवणाऱ्या विद्यालयाने) स्वतःचाच इतिहास तपासून छापला: चार संस्थापकांचे मिळून ५०हून जास्त गुलाम. माझ्या मते पश्चात्तापाची सुरुवात अशीच होते.

हा 'शाप' तुमच्या मंडळीत कुणी सांगितला, तर तिथेच उभं राहून ते वचन मोठ्याने वाचा.