पट्टा हाती येण्याआधी : कोल्हापुरातल्या युद्धकला पथकांची पार्श्वभूमी

दसरा चौकातलं सोनं लुटून झालं की आमच्या आखाड्यात नवी पोरं-पोरी यायला लागतात. कुणी शिवजयंतीच्या मिरवणुकीत हलगीच्या ठेक्यावर दांडपट्टा फिरताना पाहिलेला असतो, कुणी मोबाईलवर. पहिला प्रश्न ठरलेला. "वस्ताद, तलवार कधी मिळणार?" वस्तादांचं उत्तरही ठरलेलं. "आधी पाय बघ रं बाळा. हात मागनं येतोय." मग काही महिने हातात लाठी, आणि लाठीच्याही आधी नुसते पवित्रे. बरीच मुलं याच टप्प्यावर कंटाळून गळतात. त्यांना कुणी मागची गोष्ट नीट सांगितली असती तर निम्मी तरी टिकली असती, असं मला दरवर्षी वाटतं. म्हणून हे लिहितोय.

शस्त्र हे मिरवायची वस्तू कधी झालं, तिथून सुरुवात करावी लागते. एसटीनं पन्हाळ्याला जाताना गाडी जिथून गडात शिरते, तिथे पूर्वी चार दरवाजा होता. तो शत्रूनं लढाईत पाडला असं अनेकांना वाटतं. खरं तर तो 1844 मध्ये इंग्रजांनी उतरवला. त्या वर्षी कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांनी उठाव केला होता. छत्रपती लहान होते, कारभार इंग्रजांनी नेमलेल्या दाजी कृष्ण पंडितांकडे होता, आणि नव्या हिशेबी कारभारात गडकऱ्यांचे पिढीजात हक्क आणि जमिनी धोक्यात आल्या. गड राखणं हेच ज्यांचं पिढ्यान् पिढ्यांचं काम, त्यांनी दरवाजे लावून घेतले. आधी सामानगड पेटला, मग भुदरगड, मग पन्हाळा. साताऱ्याचे रेसिडेंट, म्हणजे तिथले इंग्रज प्रतिनिधी, कर्नल ओव्हान्स दौऱ्यावर असताना उठाववाल्यांच्या हाती सापडले, त्यांना पन्हाळ्यावरच कैदेत ठेवलं होतं. 1 डिसेंबर 1844 ला तोफांनी तट फोडून इंग्रजांनी पन्हाळा घेतला. त्यानंतर गडांची तटबंदी पाडली गेली, शिबंद्या, म्हणजे गडावरच्या फौजा, मोडल्या गेल्या.

गडकरी हा शब्द आज आडनाव म्हणून उरलाय. तेव्हा तो रोजगार होता. शिबंदी मोडली म्हणजे एका रात्रीत शेकडो हात रिकामे झाले, आणि त्या हातांना जे येत होतं त्याला गिऱ्हाईक उरलं नाही. पुढे 31 जुलै 1857 च्या रात्री कोल्हापुरातली 27 वी पलटण उठली. तो उठाव मोडल्यावर दक्षिण महाराष्ट्रात घरोघरची हत्यारं गोळा करण्याचा सपाटा सुरू झाला. नरगुंदचे संस्थानिक बाबासाहेब भावे यांनी 1858 मध्ये बंड केलं, त्याला हे निःशस्त्रीकरणही एक कारण होतं. ब्रिटिश मुलखात 1878 चा शस्त्र कायदा आला आणि परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा ठरला.

अशा काळात विद्या टिकते कशी? एक तर देव्हाऱ्यात, नाहीतर खेळात. तलवारी खंडेनवमीच्या पूजेपुरत्या बाहेर निघू लागल्या, आणि पट्टा, लाठी, बोथाटी (बोथट टोकाचा भाला), विटा (दोरी बांधलेला भाला), माडू (हरणाच्या शिंगांचं शस्त्र), जांबिया, फरी-गदगा हे सगळं 'मर्दानी खेळ' या नावाखाली तालमीत आलं. खेळ म्हटल्यावर त्याला कोण काय म्हणणार! फरी-गदग्याचंच बघा. गदगा म्हणजे चामड्यानं मढवलेली काठी, फरी म्हणजे लहान ढाल. अंगावर वळ उठतो पण हाड मोडत नाही. शिर, तमाचा, बाहेरा असे वार नावानिशी शिकवले जातात. शिर म्हणजे डोक्यावरचा वार. गदग्यानं घातला तरी तो शिरच राहतो, पोचायचं तिथेच पोचतो. पोलाद गेलं तरी वाराची वाट शाबूत राहिली ती अशी.

कोल्हापूर संस्थान राहिलं, खालसा झालं नाही, याचाही वाटा मला मोठा वाटतो. 1894 ते 1922 या राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत तालमींना जो आधार मिळाला त्याची मोठी खूण म्हणजे 1912 चं खासबाग मैदान. रोमचं जुनं रंगमंडळ पाहून महाराजांनी ते बांधायचं मनावर घेतलं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्या आश्रयाचं झुकतं माप कुस्तीला मिळालं, पण त्याच तालमींच्या अंगणात मर्दानी खेळही वाढला. शिवाजी पेठ असो, मंगळवार पेठ असो, वस्तादाच्या हातून चेल्याच्या हातात ही विद्या आली. लिहून ठेवलेलं फार थोडं. जे आहे ते अंगात आहे.

अंगात आहे म्हणजे काय, हे पट्टा घातल्याशिवाय कळत नाही. तलवारीची मूठ बोटांत असते, मनगट मोकळं राहतं. पट्ट्याला कोपरापर्यंत लोखंडी खोबण असते. हात आत घालायचा, आतली आडवी मूठ धरायची, वर पट्टी आवळायची. पातं हाताच्या सरळ रेषेत पुढे निघतं, तीन-चार फूट लांब आणि लवचिक. जुन्या पट्ट्यांना पुष्कळदा युरोपातून आलेली फिरंगी पाती बसवलेली दिसतात. एकदा हात आत गेला की मनगट कैद होतं. मनगटानं काहीच करता येत नाही, सगळा फेर खांद्यातून आणि कमरेतून काढावा लागतो. कमर फिरायची तर पाय आधी फिरायला हवा. पाय चुकला की पातं स्वतःच्याच गुडघ्यावर येतं. वस्ताद "पाय बघ" म्हणतात ते यासाठी. तो शिस्तीचा बडगा आहे असं समजून जी मुलं सोडून जातात त्यांच्याबद्दल मला खरंच हळहळ वाटते. त्या दोन शब्दांत पट्ट्याची सगळी रचना आलेली असते.

जुनं युद्ध पुन्हा उभं करून दाखवायची हौस जगभर आहे, तिचा इतिहास मात्र वेगळा. अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईला 50 वर्षं झाली तेव्हा, 1913 मध्ये, दोन्ही बाजूंचे म्हातारे सैनिक त्याच रानात जमले. ज्या दगडी भिंतीवर दक्षिणेकडच्यांनी तरुणपणी एल्गार केला होता तिच्यापर्यंत ते पुन्हा चालत गेले आणि दोन्ही बाजूंनी भिंतीवरून एकमेकांचे हात हातात घेतले. इंग्लंडमध्ये 1968 साली ब्रिगेडियर पीटर यंग या दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या इतिहासकारानं तिथल्या सतराव्या शतकातल्या यादवी युद्धासाठी 'सील्ड नॉट' ही संस्था काढली. पुढे तिथे दोन्ही महायुद्धांचे असेच गट निघाले. त्यांच्याकडे सतराव्या शतकातला भाला चालवणारा जिवंत वस्ताद नव्हता. म्हणून त्यांनी कागद धुंडाळले, कापडाचे तुकडे तपासले, बटण कुठल्या सालचं यावरून वाद घातले. नव्या सदस्याला आधी कपडे शिवायला शिकवणारे गट तिकडे आहेत.

आपलं नेमकं उलट झालं. हात आपल्याकडे अखंड आला, बाकीचं हरवलं. आपली पोरं पट्टा फिरवतात तो पिढ्यांनी चालत आलेला, पण अंगावर भाड्यानं आणलेला साटिनचा अंगरखा आणि चकाकती जर असते. मीही पहिल्या वर्षी तसाच उभा होतो. भर पावसात तो कपडा अंगाला असा चिकटला की हातच वर जाईना. त्या दिवसापासून मी सुती पैरण, मुंडासं आणि खांद्यावर घोंगडी यावर आलो. घोंगडी भिजली तरी ऊब देते, हे मेंढपाळाला सांगावं लागत नाही. आम्हाला ते शोधून काढावं लागलं.

आपलं पथक पन्हाळ्यापासून जेमतेम वीस किलोमीटरवर आहे, आणि तरी पन्हाळ्याचा वेढा आपण एका रात्रीचा करून टाकलाय. शिवाजी महाराज 2 मार्च 1660 ला पन्हाळ्यावर आले. सिद्दी जौहरनं गड आवळला. राजापूरच्या वखारीतले इंग्रज लांब पल्ल्याच्या तोफा घेऊन त्याच्या मदतीला आले. आषाढी पौर्णिमेची रात्र उजाडेपर्यंत चार महिने उलटले होते. बाजीप्रभू, बांदल, घोडखिंड हे आपल्याला पाठ आहे. पालखीत महाराजांच्या जागी बसलेला नेबापूरचा शिवा काशिद पाठ आहे. पण त्या चार महिन्यांत गडावरची माणसं काय करत होती? पहारे देत होती. धान्य मोजत होती. अंबरखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती या कोठ्यांत मिळून 25,000 खंडी धान्य मावतं असं सांगतात, म्हणून तर इतका काळ निघाला. वैशाखाचं ऊन गेलं, पाऊस आला, धुकं इतकं दाट की शेजारच्या बुरुजावरचा माणूस दिसू नये. प्रयोगात आम्ही तीन मिनिटांत खिंड लढवतो आणि टाळ्या घेतो. एका आयोजकानं तर मला सांगितलं होतं की बोलणं कमी करा, आरोळ्या वाढवा. मी ऐकलं नाही. मोजून मिळणारी भाकरी आणि डोळ्याला डोळा न लागलेला पहारेकरी ही त्या युद्धाची मोठी बाजू आहे. नव्या सदस्याला मी आधी ती समजावून सांगतो.

दरवर्षी जुलैत शेकडो लोक पन्हाळ्याच्या राजदिंडी या वाटेनं उतरून, मसाई पठारावरून पावनखिंडीपर्यंत चालतात. आपण दोन दिवस घेतो, मधे मुक्काम करतो, तरी पाय सोलून निघतात. ती माणसं पालखी खांद्यावर घेऊन, मागे पाठलाग असताना, रात्रीतून गेली. नवीन आलेल्यांनी पहिल्याच पावसाळ्यात ही वाट एकदा चालावी, हा आमचा आग्रह असतो. पाठीवर ढाल बांधून चालावी. ढाल चिखलात पाचव्या तासाला किती जड होते, ते पुस्तकात वाचून कळत नाही.

या जिल्ह्यानं दुसऱ्या महायुद्धाची झळही पाहिलीय, त्याची आठवण आमच्याकडे कमी निघते. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचं नावच सैनिक टाकळी. आणि मिरज लाइनवरचं वळिवडे. 1943 ते 1948 या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. सोव्हिएत राजवटीनं त्यांना घरांतून उचलून सायबेरियाकडे नेलं होतं, तिथून सुटून ती इराणमार्गे पंचगंगेकाठी पोचली. बराकी, शाळा, दवाखाना, चर्च असं सगळं गावच उभं राहिलं. ती गेल्यावर फाळणीत उखडलेले सिंधी तिथे आले, आजचं गांधीनगर ते हेच. महावीर उद्यानात त्या पोलिश लोकांनी आठवणीनं उभारलेला स्तंभ आहे. माझ्या मते युद्धकाळ जगून दाखवणाऱ्या पथकानं वर्षातून एकदा तरी तिथे जायला हवं, आणि त्या दिवशी शस्त्रं घरी ठेवायला हवीत.

सध्या या कलेला बरे दिवस आहेत. 2024 मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान मिळाला, जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे 12 किल्ले गेले आणि त्यात पन्हाळा आला. मागणी वाढलीय, त्यामुळे महिन्याभरात पट्टा शिकवून देणारेही निघालेत. पालकांनी तिथे सावध असावं. कायद्याचंही भान हवं. 1959 च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत 9 इंचांहून लांब पात्याची तलवार, भाला, जांबिया हे सगळं शस्त्रांतच मोजलं जातं. म्हणून आमच्याकडे सरावाची पाती बोथट असतात, कुलपात राहतात, आणि मिरवणुकीला पथक निघायचं तर पोलीस ठाण्याची परवानगी आधी हातात घेतली जाते. नव्या मुलानं स्वतःची धारदार तलवार आणली, तर ती त्याच दिवशी घरच्यांच्या ताब्यात परत जाते.

त्याला मिळते ती लाठी. ती कानापर्यंत उंच असावी, गाठी कमी असाव्यात, आणि तेल त्यानं स्वतः पाजावं. सराव पहाटे साडेपाचला असतो, अनवाणी, मातीत. मातीत उमटलेल्या पायांवरूनच वस्ताद सांगतात, कुठे चुकलं ते.