बाळाच्या बॅगेतली पुडी आणि एक लिटरची बाटली

ऑक्टोबर २०२५ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, देशाच्या अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने एक आदेश काढला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या कोणत्याही पेयाच्या वेष्टनावर ‘ओआरएस’ (जुलाबात पाजायचं मीठ-साखरेचं मापातलं पाणी) ही अक्षरं आता छापता येणार नाहीत. त्याआधी, ‘हे पेय त्या सूत्राप्रमाणे नाही’ अशी बारीक टीप टाकली की ‘ओआरएस’ छापायची मुभा होती. बारीक टीप कोण वाचतं? औषधांच्या दुकानात काउंटरवर मांडलेला फळांच्या चवीचा खोका ओआरएस म्हणून घ्यायचा, बाळाच्या बॅगेत टाकायचा आणि निर्धास्त व्हायचं, असं कित्येक घरांत वर्षानुवर्षं चाललं होतं. एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी याविरुद्ध अनेक वर्षं चिकाटीने आवाज उठवला, तेव्हा कुठे हा आदेश निघाला.

सुट्टी लागली की पुण्यातून कोकणाकडे रीघ लागते. ताम्हिणी उतरून दिवेआगर, हरिहरेश्वर, नाहीतर वरंध्यातून महाड. घरात दीड-दोन वर्षांचं मूल असेल, तर मोठ्यांचे कपडे एका पिशवीत आणि बाळाचं सामान तीन पिशव्यांत अशी विभागणी होते. झबली, टोपडी, दुपटी, डायपर, नाचणीचं सत्त्व, तुपाची छोटी बरणी, मऊभातासाठी तांदूळ-मुगाची कोरडी भरड, आवडतं चित्रांचं पुस्तक. याद्यांमध्ये काही कमी नसतं. कपडे विसरले तर माणगावात मिळतात, खेळणं विसरलं तर काठी-दगड चालतो. मला बोलायचंय ते त्या बॅगेतल्या सगळ्यात हलक्या वस्तूबद्दल, ओआरएसच्या साडेवीस ग्रॅमच्या एका पुडीबद्दल. ही पुडी नेमकी कशी काम करते, हे इतकं सुंदर आहे की ते प्रत्येक आईबापाला ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

आधी पुडीची गरज लहान मुलालाच इतकी का, ते पाहू. नवजात बाळाच्या वजनात साधारण ७५ टक्के पाणी असतं, मोठ्या माणसात ६० टक्क्यांच्या आसपास. पण खरा फरक साठ्याच्या आकारात आहे. दहा किलोच्या मुलाच्या अंगातून अर्धा लिटर पाणी गेलं, तर वजनाच्या ५ टक्के गेलं आणि शुष्कता सुरू झाली. एक लिटर गेलं की १० टक्के, म्हणजे जिवावरचं दुखणं. सत्तर किलोच्या बापाला तेवढ्याने फार तर तहान लागेल. नवं गाव, नवं पाणी, सगळं तोंडात घालायचं वय. प्रवासात मुलांचं पोट बिघडतं आणि बिघडलं की वेळ फार थोडा असतो.

आता मूळ गोष्टीकडे. मोठ्या माणसाच्या आतड्यात दिवसाला आठ-नऊ लिटर पाणी येतं. यातलं प्यायलेलं थोडं. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस मिळून बाकीचं. शौचावाटे बाहेर पडतं ते जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर. उरलेलं सगळं आतडं परत शोषून घेतं. पण शरीरात पाणी ओढणारा पंप कुठेही नाही. पेशीला पाणी हवं असेल, तर तिला आधी मीठ हलवावं लागतं. मीठ जिकडे जातं तिकडे पाणी परासरणाने मागोमाग जातं. म्हणजे बाळाच्या अंगात पाणी कसं शिरेल, हा प्रश्न खरं तर मिठातला सोडियम आत कसा शिरेल, असा आहे.

आतड्याच्या आतल्या अस्तरावर पेशींचा एकच थर असतो. पेशीची एक बाजू अन्नाकडे, दुसरी रक्ताकडे. रक्ताकडच्या बाजूवर एक पंप अखंड चालू असतो. तो दर फेरीला सोडियमचे तीन आयन (विद्युतभार असलेले कण) बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. यासाठी ऊर्जा खर्च होते, पण त्यामुळे पेशीच्या आत सोडियम कायम कमी राहतो. साहजिकच अन्नाकडच्या बाजूला असलेला सोडियम आत घुसायला टपलेला असतो. त्याला फक्त वाट हवी.

वाटा अनेक आहेत. एका वाटेने सोडियम आत येतो आणि बदल्यात हायड्रोजनचा आयन बाहेर जातो. एरवी, जेवणाच्या मधल्या काळात, बरंचसं मीठ याच वाटेने शोषलं जातं. दुसरी वाट एका खास प्रथिनाची. त्याचं नाव एसजीएलटी१. या प्रथिनाला सोडियमचे दोन आयन येऊन चिकटतात, त्यामुळे त्याचा आकार किंचित बदलतो आणि ग्लुकोजचा एक रेणू बसेल अशी खोबण तयार होते. ग्लुकोज बसला की प्रथिन उलटं वळतं, त्याचं तोंड पेशीच्या आत उघडतं आणि तिघेही आत सुटतात. ग्लुकोज पलीकडच्या बाजूने रक्तात निघून जातो, सोडियमला पंप रक्ताकडे ढकलतो आणि त्यांच्या मागे पाणी येतं. ग्लुकोज नसेल तर हे दार सोडियमला आत घेत नाही, आणि सोडियम नसेल तर ग्लुकोजलाही नाही. रॉबर्ट क्रेन या जैवरसायनशास्त्रज्ञाने १९६० मध्ये प्रागच्या एका परिषदेत ही जोडीने जाण्याची कल्पना मांडली. प्रथिनाचं जनुक हाती लागायला १९८७ उजाडलं.

खरी गंमत जुलाबात दिसते. कॉलऱ्याचं विष पेशीत शिरलं की पेशीतल्या सीएएमपी नावाच्या निरोप्या रेणूचं प्रमाण वाढतं. त्याने दोन गोष्टी होतात. क्लोराइडचे मार्ग सताड उघडतात, क्लोराइड आतड्याच्या पोकळीत वाहू लागतो, त्याच्यामागे सोडियम आणि पाणी. शिवाय सोडियम-हायड्रोजन अदलाबदलीची ती नेहमीची वाट बंद पडते. अशा वेळी नुसतं मिठाचं पाणी पाजून फारसा उपयोग नाही. मीठ आतड्यातच पडून राहतं आणि पाण्यालाही तिथेच धरून ठेवतं. पण एसजीएलटी१ ला या विषाचं काहीच वाटत नाही. वाड्याचा महादरवाजा अडसर लावून बंद असावा आणि त्यातला दिंडी दरवाजा मात्र चालू असावा, तसा हा प्रकार आहे. दिंडीतून आत घेणाऱ्याची अट एकच: सोडियम आणि ग्लुकोज दोघांनी मिळून यायचं. रोटाव्हायरसची तऱ्हा वेगळी. तो आतड्यातल्या रसांकुरांच्या, म्हणजे अस्तरावरच्या बारीक बोटांसारख्या उंचवट्यांच्या, टोकाच्या पेशीच मारतो. पण नुकसान ठिगळाठिगळाने होतं. शाबूत राहिलेल्या जागी हे दार चालूच असतं, आणि पुडी तिथेही कामाला येते.

हे कागदावरचं शास्त्र माणसं वाचवू शकतं, हे १९७१ मध्ये दिसलं. बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी सीमेलगतच्या बनगाव इथल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असं मिश्रण करून ते रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ३.६ टक्क्यांवर आलं. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने संपादकीयात लिहिलं की सोडियम आणि ग्लुकोज जोडीने शोषले जातात हा शोध कदाचित या शतकातली वैद्यकातली सर्वांत महत्त्वाची प्रगती ठरेल. महालनोबिस २०२२ मध्ये गेले; पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर, २०२३ मध्ये मिळालं. आपल्याकडच्या मुलांना त्यांचं नाव शाळेत का भेटत नाही, याचं मला दुःख वाटतं.

आजची पुडी त्या मिश्रणाची सुधारलेली आवृत्ती आहे. सूत्र २००२ पासूनचं: एक लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट. रसायनाच्या भाषेत सोडियम ७५ मिलिमोल आणि ग्लुकोजही ७५ मिलिमोल. चाणाक्ष वाचक विचारेल, दाराला सोडियम दोन आणि ग्लुकोज एक लागतो, मग पुडीत सारखे का? कारण जुलाबात आतडं स्वतःच पोकळीत सोडियम ओतत असतं. ग्लुकोज मात्र पुडीतूनच यायचा. म्हणून तो सोडियमपेक्षा कमी पडता कामा नये. सगळे कण मिळून या द्रावणाची परासरता, म्हणजे लिटरमागे विरघळलेल्या कणांचं माप, २४५ मिलिऑस्मोल भरते. रक्ताची २९०च्या आसपास असते. द्रावण रक्तापेक्षा थोडं पातळ, म्हणून पाणी आतड्यातून अंगाकडे जायला आणखी उतार मिळतो. जुन्या सूत्राची परासरता ३११ होती. ती उतरवल्यावर मुलांना उलट्याही कमी झाल्या आणि सलाइन लावायची वेळही कमी आली.

आता याच आकड्यांनी बाजारातली पेयं मोजू. पुडीच्या द्रावणात १०० मिलिलिटरला १.३५ ग्रॅम ग्लुकोज असतो. कोला पेयात तेवढ्यातच १० ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि सोडियम नगण्य. जास्तीची साखर दारात जोडीदाराशिवाय ताटकळते, आतड्यात पडून राहते आणि उलट अंगातलंच पाणी आतड्यात खेचते. मनुका पाण्यात टाकून शाळेत परासरणाचा प्रयोग केला होता, तेच इथे आतड्यात घडतं. जुलाब वाढतात. डबाबंद फळांच्या रसाचंही हेच. आणि ‘इलेक्ट्रोलाइट’ शब्द मोठ्या अक्षरात मिरवणारी जी नवी पेयं जिममधल्या लोकांसाठी निघाली आहेत, ती आजारी मुलासाठी नाहीतच.

कोकणात गेलं की शहाळ्याचा आग्रह होतो. शहाळं चांगलंच, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम फार थोडा. पुडीच्या जागी ते चालत नाही. तांदळाची पेज मात्र मानाची. पिष्टाचे लांब रेणू परासरता फार वाढवत नाहीत, आणि पचताना त्यांतून ग्लुकोज हळूहळू सुटतो. थोडं मीठ घातलेली पेज पाजणाऱ्या आज्यांची कृती शास्त्राला धरून होती. पुडी नसेलच, तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा पाच मिलिलिटरचा. सहा चमचे साखर म्हणजे साधारण २५ ग्रॅम. साखरेचा प्रत्येक रेणू फुटून एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज होतो, म्हणजे निम्मा, १३ ग्रॅमच्या आसपास, ग्लुकोज. पुडीतला आकडाच पुन्हा समोर येतो.

म्हणून बॅग भरताना पुडीइतकीच दुसरी एक वस्तू महत्त्वाची आहे: माप माहीत असलेली एक लिटरची बाटली. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. ‘लागेल तेवढंच करू’ म्हणून अख्खी पुडी एका पेल्यात, दोनशे मिलिलिटरमध्ये घोळली, तर सोडियम ७५चा ३७५ होतो आणि परासरता १,२०० च्या वर जाते. ते बाळाला पाजणं धोक्याचं आहे. अर्धी पुडी अंदाजाने टाकली, तर भुकटीतलं मीठ किती आलं आणि साखर किती, याचा भरवसा नाही. एक लिटरची पुडी असेल तर पूर्ण लिटर पाणी. २०० मिलिलिटरची छोटी पुडी घेतली, तर घरचा पेला आधी एकदा मापून घ्या. स्टीलच्या पेल्यात दीडशेही मावतं आणि तीनशेही. पाणी घरून उकळून, गार करून न्यावं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला होता. पाण्याबद्दल पुणेकरांना वेगळं सांगायला नको. केलेलं द्रावण २४ तासांनंतर ओतून द्यायचं.

पाजायचं वाटी-चमच्याने, मिनिट-दोन मिनिटांनी एक चमचा. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्यावरच्या मुलाला १०० ते २००. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, अधिक सावकाश. अंगावरचं दूध आणि नेहमीचं जेवण बंद करायचं नाही. सहा महिन्यांखालचं बाळ असेल तर आईचं दूध चालू ठेवून लगेच डॉक्टरांकडे.

‘दात येतायत, म्हणून जुलाब होतायत, आपोआप थांबतील,’ हे वाक्य मला सगळ्यात धोकादायक वाटतं. दात येण्याचं वय आणि रांगत सगळं तोंडात घालण्याचं वय एकच आहे, एवढाच काय तो संबंध. दात आले म्हणून आतडं पाणी सोडत नाही. जंतू आले की सोडतं. मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढण्यात जो अर्धा तास जातो, तेवढ्यात त्यातलंच मीठ मापून पाण्यात घातलं असतं तर बाळाच्या अंगी लागलं असतं.

डायपरबद्दल एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. त्यातलं सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट ओलावा शोषून त्याची घट्ट जेली करतं आणि वरचा पृष्ठभाग कोरडा ठेवतं. एरवी सोय. पण आजारी मुलाने शू किती केली, हे त्यामुळे कळत नाही, आणि पाण्यासारखी शीसुद्धा डायपर पिऊन टाकतो. पोट बिघडलं की साधी सुती लंगोटी किंवा दुपटं वापरावं, म्हणून तीही चार बॅगेत असावीत. सहा-आठ तास शू नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे खोल गेलेत, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसते, शीत रक्त आहे, किंवा मूल मलूल पडून चमच्यालाही तोंड उघडत नाही, तर पुडीवर न थांबता थेट दवाखाना गाठायचा. जिथे उतरणार, तिथल्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा पत्ता निघण्याआधीच काढून ठेवा.

रोटाव्हायरसची लस सरकारी लसीकरणात आहे, आणि त्यातली एक आपल्या पुण्यातच, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावर तिचे डोस झालेत का, ते सुट्टीच्या बऱ्याच आधी बघावं. पहिला डोस दीड महिन्याला असतो. जुलाब झालेच, तर पुडीच्या जोडीला झिंक लागतं: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याखालच्याला १०, डॉक्टरांना विचारून. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले आणि तुम्ही पुण्याला परतलात, तरी झिंक १० ते १४ दिवस पूर्ण द्यायचं.