‘फक्त एक कॉलम वाढवा’ : स्प्रिंट चालू असताना बदल सांगण्याबद्दल

“तुम्ही एजाइल पद्धतीने काम करता ना? मग मधेच बदल सांगितला की ‘पुढच्या स्प्रिंटमध्ये घेऊ’ असं का म्हणता?” आम्ही व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो, आणि हा प्रश्न आम्हाला दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं. एजाइल म्हणजे काम एकदम न करता छोट्या टप्प्यांत करून दाखवत जाणं, आणि असा एक टप्पा म्हणजे स्प्रिंट. फोनवर घाईत त्याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

सोमवारी नियोजन, दुसऱ्या शुक्रवारी डेमो (झालेलं काम चालवून दाखवणं), हे तुम्हाला माहीत आहेच. घोळ होतो तो मधल्या दिवसांत. एका घाऊक व्यापाऱ्यांच्या बिलिंगमध्ये दोन गोदामांमधली स्टॉक ट्रान्सफर पूर्ण करायचं ठरलं होतं. दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी दुपारी आमच्या डेव्हलपरला थेट व्हॉट्सॲप आला : “बिलात सूट दाखवायला फक्त एक कॉलम वाढवा.” त्याने भिडेखातर काम हाती घेतलं. पण बिलावर दाखवलेली सूट वजा करून उरलेल्या रकमेवर जीएसटी लागतो. म्हणजे करपात्र रक्कम बदलली, एचएसएनवार (मालाच्या कोडनुसार) गोषवारा बदलला, जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राचा डेटा बदलला, क्रेडिट नोटसुद्धा. जुनं बिल पुन्हा छापलं तर रक्कम तीच येते का, तेही तपासावं लागलं. कॉलम एक, दिवस गेले तीन. डेमोला स्टॉक ट्रान्सफर अर्धवट होती आणि कॉलमचं टेस्टिंगही अपुरं.

बदल नकोत असं आमचं मुळीच म्हणणं नाही. २००१ साली अमेरिकेतल्या युटामध्ये १७ जणांनी एजाइलचा जाहीरनामा लिहिला, त्यातही ठरलेल्या आराखड्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देणं मोलाचं मानलं आहे. म्हणून तर आम्ही स्प्रिंट दोनच आठवड्यांचा ठेवतो. स्क्रम या एजाइलच्या एका प्रकारात तो महिन्यापर्यंत चालतो. नव्या मागणीला थांबावं लागतं ते फार तर पुढच्या नियोजनापर्यंत.

तेव्हा मागणी डेव्हलपरला न पाठवता बॅकलॉगच्या (करायच्या कामांच्या यादीच्या) शीटमध्ये लिहा, आणि ती कशासाठी हवी तेही लिहा. त्या व्यापाऱ्यांना खरं तर कोणत्या गिऱ्हाइकाला महिन्यात किती सूट गेली एवढंच पाहायचं होतं. दरयादीतला भाव आणि बिलातला भाव यांतला फरक दाखवणारा रिपोर्ट अर्ध्या दिवसात झाला असता. आधी काय, नंतर काय हे ठरवणारी व्यक्तीही तुमच्याकडून एकच असू द्या. थोरले भाऊ, धाकटे भाऊ आणि अकाउंटंट यांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या, तर आम्ही कुणाचं ऐकायचं?

बिल छापलं जात नाही, कर चुकतोय, अशा वेळी मात्र शीट बाजूला ठेवा आणि सरळ फोन करा. त्यासाठी आम्ही प्रत्येक स्प्रिंटमध्ये एक दिवस मोकळा राखतो.

नवीन मॉड्यूल करून घ्यायचं मनात असेल, तर पहिल्या नियोजनाला आम्ही तुमच्या दुकानात येऊन बसतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. एक स्प्रिंट करून पाहा. डेमोत काम पटलं नाही तर तिथेच थांबता येईल, बिलही तेवढ्याच स्प्रिंटचं होईल.

सोमवारच्या नियोजनासाठी मागण्या शनिवारी संध्याकाळी ६ पर्यंत शीटमध्ये याव्यात.