एका नावाखाली दोन-तीन प्रिंटर : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून दोन किंवा अधिक नेटवर्क प्रिंटर भाड्याने अथवा विकत घेणाऱ्या कार्यालयांत, शाळांत आणि पतसंस्थांत आम्ही ते सर्व प्रिंटर विंडोजमधील ‘प्रिंटर पूलिंग’ या सोयीने एका नावाखाली जोडून देतो. अशा जोडलेल्या गटाला पुढे ‘पूल’ म्हटले आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत बहुतेक ठिकाणांहून एकच विचारणा येते : काम दोघांत वाटले जाणार होते, मग पहिल्या यंत्राचा काउंटर (छापलेल्या पानांचा आकडा) इतका पुढे कसा? फोनवर घाईत याचे नीट उत्तर देता येत नाही, म्हणून ते येथे सविस्तर देत आहोत.

पूल कामाची वाटणी पानांच्या हिशेबाने करीत नाही आणि पाळीपाळीनेही करीत नाही. प्रिंट दिल्यावर संगणक पूलमधील पोर्ट (प्रत्येक यंत्राकडे माहिती पाठवण्याची वाट) ठरलेल्या क्रमाने तपासतो आणि जो पहिला मोकळा सापडेल त्यावर ते काम पूर्णपणे सोपवतो. ३०० पानांची फाइल दीडशे-दीडशे पानांत विभागली जाईल, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात एक फाइल एकाच यंत्रातून बाहेर पडते. शिवाय ‘मोकळा’ याचा अर्थ यंत्राने छपाई संपवली असा नसून संगणकाने आपली माहिती यंत्राच्या मेमरीत पोहोचवली, एवढाच बहुतेक वेळा असतो. दोन पानी पत्राची माहिती क्षणार्धात पोहोचते, त्यामुळे पहिल्या यंत्राने कागद ओढण्यापूर्वीच त्याचा पोर्ट संगणकाच्या लेखी मोकळा झालेला असतो आणि पुढचे पत्रही तिकडेच जाते. दिवसभर पावत्या आणि पत्रे निघणाऱ्या कार्यालयात पहिले यंत्र जास्त चालते ते यामुळेच. यात बिघाड काही नाही.

शाळा आणि शिकवणी वर्गांनी याची आणखी एक बाजू ध्यानात घ्यावी. प्रश्नपत्रिकेच्या २०० प्रती मागितल्या की अनेकदा मजकूर यंत्राकडे एकदाच जातो आणि त्यासोबत प्रतींची संख्या जाते. पोर्ट लगेच मोकळा दिसतो, मागून आलेले एक पानी पत्र त्या २०० प्रतींच्या मागे अडकते आणि शेजारचे यंत्र स्वस्थ उभे राहते. यासाठीच आम्ही पूलबरोबर प्रत्येक यंत्र त्याच्या स्वतंत्र नावानेही बसवून देतो. मोठ्या संख्येच्या प्रती कृपया थेट दुसऱ्या यंत्राच्या नावावर द्याव्यात. विंडोज १० आणि ११ मध्ये डीफॉल्ट (वेगळा न निवडल्यास आपोआप वापरला जाणारा) प्रिंटर विंडोजनेच ठरवावा, असा एक पर्याय असतो. तो चालू असल्यास शेवटी वापरलेले यंत्र डीफॉल्ट होऊन बसते आणि पूल बाजूला पडतो, म्हणून तो आम्ही बंद ठेवतो व आपणही बंदच राहू द्यावा.

आता ज्या एका चुकीमुळे आपला आणि आमचा सर्वांत जास्त वेळ जातो, तिच्याविषयी. एखादे यंत्र दुरुस्तीला गेले की कार्यालयातील कोणीतरी कपाटातला जुना, वेगळ्या मॉडेलचा प्रिंटर काढून त्याला त्याच आयपी पत्त्यावर (नेटवर्कमधील ओळख-क्रमांकावर) बसवतो, किंवा पूलच्या यादीत त्याच्या पोर्टवर खूण करतो. हेतू चांगलाच असतो, पण पूलमधील सर्व यंत्रांना ड्रायव्हर (संगणकातील, प्रिंटर चालवणारा प्रोग्राम) एकच असतो आणि तो मूळ यंत्राला समजेल अशाच भाषेत माहिती तयार करतो. नव्याने जोडलेल्या यंत्राला ती भाषा कळत नसेल तर प्रत्येक पानावर एखाद-दुसरी निरर्थक ओळ छापत ते पूर्ण ट्रे रिकामा करते. भाषा कळली तरी त्याला दुसरा ट्रे किंवा दोन्ही बाजूंच्या छपाईची सोय नसल्यास ते कागद मागत थांबून राहते. यात खरा त्रास असा, की हे प्रत्येक वेळी घडत नाही. काम मूळ यंत्राकडे गेले की पान स्वच्छ येते आणि दुसरीकडे गेले की बिघडते, त्यामुळे संशय फाइलवर, केबलवर, व्हायरसवर जातो. मार्चअखेरीच्या ऐन गर्दीत एका ग्राहकाकडे याच कारणासाठी दोन संगणकांवर विंडोज नव्याने टाकले गेले होते. आमचा तंत्रज्ञ पोहोचला तेव्हा चाचणीचे पान तिन्ही वेळा व्यवस्थित आले, कारण त्या वेळी पहिले यंत्र मोकळे होते. खरे कारण हाती लागेपर्यंत संध्याकाळ झाली.

दुसरे यंत्र घेताना आम्ही त्याच मॉडेलचा आग्रह धरतो तो यासाठी. बाजारात वेगळे यंत्र स्वस्त मिळत असताना हा आग्रह काही ग्राहकांना विक्रीसाठीचा वाटतो, हे आम्हांला ठाऊक आहे. पण टोनर, सुटे भाग आणि ड्रायव्हर एकच राहिल्याने वाचणारा वेळ आम्ही रोज पाहतो. लिनक्सवरील कप्स (CUPS) या छपाईच्या प्रणालीत पूलसारखेच काम ‘क्लास’ करतो, आणि तिथेही आमचा सल्ला हाच असतो. यंत्रे शेजारी-शेजारी ठेवण्याविषयीही आम्ही आग्रही असतो, कारण आपले पान कोणत्या यंत्रातून येईल हे आधी सांगता येत नाही.

काउंटरमध्ये थोडा फरक राहणे आमच्या मते हिताचेच आहे, कारण दोन्ही यंत्रांचे ड्रम (छपाई करणारे, वापराने झिजणारे भाग) एकाच आठवड्यात संपत नाहीत. फरक फार वाढला तर वार्षिक देखभाल कराराच्या भेटीत आम्ही दोन्ही यंत्रांचे आयपी पत्ते आणि त्यांच्यावरील नावाच्या चिठ्ठ्या आपसांत बदलतो; त्यानंतर छोटी कामे कमी चाललेल्या यंत्राकडे वळतात. याचे वेगळे शुल्क करारातील ग्राहकांकडून घेतले जात नाही. करार नसलेल्यांना मात्र भेटीचे शुल्क पडते, कारण पत्ते बदलल्यावर प्रत्येक नावावरून पान काढून पाहावे लागते.

यंत्र बंद पडल्यास प्रथम आम्हांला कळवावे. त्याच्या पोर्टवरील खूण काढून उरलेल्या यंत्रांवर पूल चालू ठेवण्याचे काम बहुतेक वेळा फोनवरूनच होते, आणि करारातील ग्राहकांसाठी त्याच मॉडेलचे बदली यंत्र आम्ही राखून ठेवतो. कागद अडकल्याने थांबलेले काम त्याच यंत्राच्या नावे उभे असते, तेव्हा ते पुन्हा पाठवण्याआधी कागद काढून पाहावा. फोन करताना बिघडलेले पान कोणत्या यंत्रातून आले, हे त्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवले असल्यास निदान फार लवकर होते.