गाल बधीर, मग आग कशाची?

आमच्या परभणीच्या मामांना दिवाळीच्या सुमारास मेंदूचा झटका, म्हणजे स्ट्रोक, आला. हातपाय नीट चालत होते, तोंडही वाकडं नव्हतं, नुसतं गरगरायचं, उचकी थांबेना अन् पाणी गिळलं की ठसका लागायचा, म्हणून घरचे दोन दिवस पित्त समजून बसले. सीटी स्कॅनमध्ये काही दिसलं नाही, एमआरआयमध्ये दिसलं. मेंदूच्या देठाला, म्हणजे ब्रेनस्टेमला, डाव्या बाजूला रक्त कमी पडलं होतं. याला वॉलेनबर्ग सिंड्रोम म्हणतात, जर्मन डॉक्टर अडोल्फ वॉलेनबर्ग यांनी १८९५ मध्ये याचं नीट वर्णन केलं होतं.

खरी गोष्ट दोन महिन्यांनी सुरू झाली. मामा म्हणायले, डावा गाल जळायलाय, डोळ्यात तिखट गेल्यागत होतंय, आणि तोच गाल सुई टोचली तरी कळत नाही! लोकांनी दाढेवर घेतलं, दाढ काढली, आग तशीच.

याचं उत्तर चेहऱ्याच्या नसेच्या वायरिंगमध्ये आहे, आणि मला हे वायरिंग फार आवडतं. चेहऱ्याच्या संवेदना ट्रायजेमिनल नावाच्या नसेतून ब्रेनस्टेमच्या मधल्या भागात, पॉन्समध्ये शिरतात. हलक्या स्पर्शाचे बहुतेक धागे तिथंच थांबतात, पण दुखणं आणि गरम-थंड सांगणारे धागे खाली वळतात, लंबमज्जेतून, म्हणजे ब्रेनस्टेमच्या सगळ्यात खालच्या भागातून, पार मानेच्या वरच्या मणक्यांपर्यंत उतरतात आणि मग पलीकडच्या बाजूला जाऊन वर मेंदूकडं निघतात. आता अंगाचं दुखणं सांगणारे धागे बघा, ते पाठीच्या कण्यातच बाजू बदलून आलेले असतात आणि लंबमज्जेत या उतरणाऱ्या धाग्यांच्या अगदी शेजारून वर जातात. म्हणून तिथला एवढासा तुकडा मेला की डावा गाल आणि उजवं अंग, दोन्हीकडं सुई अन् गरम-थंड कळेनासं होतं, स्पर्श मात्र कळतो, कारण त्याची वाट वेगळी.

मग आग कशाची? खालून निरोप येणं बंद झालं की पुढच्या पेशी गप बसत नाहीत, त्या अतिसंवेदनशील होऊन स्वतःहूनच पेटतात आणि मेंदूला वाटतं गाल जळतोय, त्यात शाबूत राहिलेल्या स्पर्शाच्या वाटेनं आलेला साधा निरोपही दुखणं म्हणून वाचला जातो, म्हणून गार वारं लागलं किंवा टॉवेल घासला तरी माणूस कळवळतो. बिघाड गालात नाहीच. याच नसेचा नेहमीचा आजार, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, वेगळा, तो करंट बसल्यासारखा काही सेकंद येतो अन् जातो, ही आग दिवसभर धगधगत राहते.

आपल्याकडं लकव्यावर कबुतराचं रक्त चोळतात, बाहेरचं झालं म्हणून अंगारा लावतात. मला याचा फार राग येतो, कारण झटक्यानंतर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि तो वेळ यातच जातो.

साध्या पेनकिलरनं ही आग सहसा विझत नाही. अमिट्रिप्टिलिन, लॅमोट्रिजिन, प्रीगॅबालिन अशा नसांना शांत करणाऱ्या गोळ्या न्यूरोलॉजिस्ट हळूहळू वाढवत नेतात, काहींना फरक पडतो, काहींना थोडाच. मामांची आग निम्म्यावर आलीय, सकाळी शेतात जाताना गालावरून उपरणं मात्र अजून सैलच गुंडाळतात.