एचएमआय-पीएलसी समन्वय

कारखान्यातील यंत्रे आणि प्रक्रिया प्रत्यक्ष चालवणारा नियंत्रक म्हणजे पीएलसी (प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर). ऑपरेटर ज्या पडद्यावरून ती पाहतो आणि हाताळतो तो एचएमआय (ह्यूमन-मशीन इंटरफेस). या दोघांत कोणती माहिती, किती वेगाने जावी आणि कोणता निर्णय कोणाकडे असावा, हे ठरवून देणे म्हणजे त्यांचा समन्वय.

रिले म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचांच्या पॅनेलच्या काळात हा प्रश्न वायरिंगमध्येच सुटत असे. प्रत्येक बटणाला आणि दिव्याला स्वतःची तार होती. जनरल मोटर्सच्या मागणीतून १९६९ च्या सुमारास मोडिकॉन ०८४ हा पीएलसी आला, रिलेंची जागा प्रोग्रॅमने घेतली, आणि पुढे पडदे आल्यावर एकाच केबलमधून शेकडो टॅग, म्हणजे नाव दिलेली मूल्ये, जाऊ लागले. तारा वाचल्या, पण कोणता टॅग कशाचा हे कागदावर नीट मांडण्याची जबाबदारी वाढली.

घोळ बहुधा पत्त्यांपासून सुरू होतो. १९७९ पासून वापरात असलेल्या मॉडबस या संपर्क-पद्धतीत रजिस्टर, म्हणजे एक मूल्य ठेवण्याचा कप्पा, १६ बिटांचे असते. दस्तऐवजात ४०००१ म्हणून (पहिला ४ रजिस्टरचा प्रकार, उरलेला १ त्याचा क्रमांक) लिहिलेले रजिस्टर संदेशात ० या पत्त्याने मागितले जाते. हा एकाचा फरक विसरला की पडद्यावर शेजारच्याच रजिस्टरमधला आकडा दिसतो. दशांश संख्येला सहसा दोन रजिस्टरे लागतात, आणि त्यांचा क्रम उलटला तर तापमानाच्या जागी अर्थहीन संख्या येते. ही चूक एका अर्थी बरी, कारण ती लगेच लक्षात येते. शेजारचे रजिस्टर मात्र पटण्याजोगा आकडा दाखवत महिनोन्‌महिने खपून जाऊ शकते.

वेगातही मोठी तफावत असते. पीएलसीचे एक स्कॅन, म्हणजे प्रोग्रॅमची एक फेरी, काही मिलिसेकंदांत पुरे होते, तर पडदा साधारण अर्ध्या-एक सेकंदाने आकडे ताजे करतो. मधल्या वेळात येऊन गेलेला सिग्नल पडद्याला कळतच नाही. म्हणून क्षणिक घटना पीएलसीतच धरून ठेवाव्या लागतात. उलट दिशेलाही अडचण आहे. बटण दाबताना १ आणि सोडताना ० लिहायचे ठरवले, आणि नेमका त्या दोहोंमध्ये संपर्क तुटला, तर १ तसाच राहतो. त्यामुळे पडद्याने फक्त विनंती करावी आणि ती वाचून बिट शून्य करण्याचे काम पीएलसीने करावे, ही पद्धत सुरक्षित. इंटरलॉक (धोक्याची कृती रोखणाऱ्या अटी) आणि सेटपॉइंटच्या (राखायच्या मूल्याच्या) मर्यादाही पीएलसीतच हव्यात. आपत्कालीन थांबा निव्वळ पडद्यावरच्या बटणावर सोडणे तर चुकीचेच. त्याला स्वतंत्र, तारेने जोडलेले बटण लागते.

सगळ्यात महागात पडते ते आज्ञा आणि प्रत्यक्ष स्थिती यांची गल्लत. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडाच अडकला. पॅनेलवरचा दिवा मात्र विझला होता, कारण तो व्हॉल्व्हची जागा नव्हे, त्याला दिलेला विद्युत सिग्नल दाखवत होता. दोन तासांहून अधिक काळ अणुभट्टी थंड ठेवणारे शीतक बाहेर जात राहिले. तिथे पीएलसी नव्हता, पण धडा तोच. म्हणून व्हॉल्व्हच्या चित्राचा रंग त्याची खरी जागा कळवणाऱ्या लिमिट स्विचवरून बदलावा, आणि आज्ञेनंतर ठरलेल्या वेळेत स्विचने दुजोरा दिला नाही तर अलार्म यावा.

अलार्मचा अतिरेकही घातक. वेल्समधील मिलफर्ड हेवन तेलशुद्धीकरण कारखान्यात जुलै १९९४ मध्ये स्फोट झाला, त्याआधीच्या जेमतेम ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले होते. मूळ कारणाचा एक अलार्म दाखवून त्यातून उद्‌भवणारे बाकीचे दाबून ठेवणे हे प्रोग्रॅममधल्या तर्काचे काम आहे, आणि ते पडद्याची रचना करताना नव्हे तर त्याआधीच ठरवावे लागते. अलार्मच्या व्यवस्थापनासाठी २००९ मध्ये आयएसए या स्वयंचलन क्षेत्रातील संस्थेचे आयएसए १८.२ हे मानक आले.

संपर्क तुटल्यावर अनेक पडदे शेवटचा आकडा तसाच दाखवत राहतात आणि सारे सुरळीत असल्याचा भास होतो. ते टाळण्यासाठी पीएलसी संपर्क चालू असल्याची खूण म्हणून एक हार्टबीट आकडा सतत बदलत ठेवतो. तो थांबला की पडद्याने सगळी मूल्ये करडी करून संशयास्पद ठरवायची. प्रक्रिया मात्र थांबायलाच हवी असे नाही. नियंत्रणाचे लूप (मोजमाप पाहून सतत दुरुस्ती करणारी चक्रे) पीएलसीत असतील तर ती शेवटच्या सेटपॉइंटवर चालू राहते, आणि कोणते यंत्र अशा वेळी बंद करायचे ते प्रोग्रॅममध्ये आधीच लिहिलेले असावे लागते.