पंचवीस फॉरवर्ड म्हणजे किती साक्षीदार?

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकली, की नदीच्या आधी कोल्हापुरातले व्हॉट्सॲप ग्रुप पात्र सोडतात. ‘राधानगरीचे सगळे स्वयंचलित दरवाजे उघडले, 50 हजार क्युसेक सुटलंय!’ राधानगरी धरणाला हे दरवाजे 7, एकातून 1428 क्युसेक. सगळे मिळून 9996. असा मेसेज गुणाकारातच बुडतो. नक्षत्राचं वाहन म्हैस, म्हणून महापूर ठरलेलाच, असं सांगणाऱ्यांचा तर गुणाकारही करता येत नाही.

‘पण पंचवीस जणांनी पाठवलंय की!’ खरी गंमत इथे आहे. घाटावर 25 जणांनी एकमेकांना न विचारता पातळीचा अंदाज केला आणि प्रत्येकाची चूक साधारण 1 फुटाची असली, तर सरासरीतली चूक 25 च्या वर्गमुळाने, म्हणजे 5 ने भागली जाते. उरते जेमतेम अडीच इंच. कुणी जास्त धरतो, कुणी कमी. चुका एकमेकींना खातात. एकाचाच मेसेज पंचवीस जणांनी पुढे ढकलला, तर चूक 1 फुटाचीच राहते.

मेख आहे ती मधल्या अवस्थेत. प्रत्येकाने नदी स्वतः पाहिली, पण ग्रुपवरचा आकडा आधी वाचून. त्यांच्या चुकांमधला सहसंबंध, म्हणजे चुका किती एकसारख्या हलतात त्याचं माप, 0.5 धरा (0 म्हणजे स्वतंत्र, 1 म्हणजे एकच चूक). आता खरे स्वतंत्र साक्षीदार किती, हे काढायला 25 ला (1 + उरलेले 24 × 0.5), म्हणजे 13 ने भागायचं. उत्तर 1.92. पंचवीसांचे दोन साक्षीदारही भरत नाहीत, आणि हजार जण आले तरी हा आकडा 2 ओलांडत नाही!

म्हणून दोन बाणांचं ‘अनेक वेळा फॉरवर्ड’ दिसलं, की तो मेसेज मोजणीत धरू नये. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोच्या फाइलच्या नावातली तारीखही फसवते. ती फोटो काढल्याची नसते, आपल्या फोनवर उतरल्याची असते.

शोधायचं ते ठिकाण, वेळ आणि फूट-इंच असलेलं रुक्ष वाक्य. समजा, बंधाऱ्यावर सकाळी 8 ला 41 फूट 2 इंच, 11 ला 41 फूट 8 इंच. तासाला 2 इंच. 43 फुटांच्या धोका पातळीला 16 इंच बाकी, म्हणजे याच वेगाने संध्याकाळी 7. पाणी शेतात पसरलं की हा वेग मंदावतो, वरून विसर्ग वाढला की चढतो. त्यामुळे दुपारी 2 ची नोंद मिळाली की हिशेब नव्याने मांडायचा.